स्कूल बोर्डाची निवडणूक: मत द्यायचं ते कशाच्या जोरावर?

केतकी_पिवळी | ८ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा मत दिलं. स्टिकर लावून फोटो काढला, तो आईला पाठवला, सगळं साग्रसंगीत. ते सोपं होतं हो. कुणाला द्यायचं हे घरात चार वर्षं भांडून ठरलेलंच होतं.

आता १ एप्रिलला आमच्या इलिनॉयमध्ये स्थानिक निवडणुका आहेत. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळांच्या विभागाच्या, स्कूल बोर्डावर चार जागा आणि उमेदवार नऊ. कुणाच्याही नावापुढे पक्ष नाही, चिन्ह नाही. गाव मध्यम आहे, दीडेक लाख वस्तीचं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात असंही नाही आणि टीव्हीवर चर्चा व्हावी एवढं मोठंही नाही. पेटीत आलेली पत्रकं तीन दिवस वाचतेय. नऊच्या नऊ जणांना मुलं प्रिय आहेत. नऊही जण शिक्षकांचा आदर करतात आणि उधळपट्टीच्या विरोधात आहेत. मुलांच्या विरोधात उभा असलेला एक तरी उमेदवार सापडला असता तर निदान त्याला वगळता आलं असतं.

माझी एक पाचवीत, एक आठवीत. नवरा म्हणतो, मंगळवारी कामाच्या दिवशी कोण जातंय, सोडून दे. मला सोडवत नाही. तुम्ही कसं ठरवता? आणि दुसरं, जरा हळू आवाजात: लायब्ररीत ओळख झालेल्या एक बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला तूच उभी राहा. मी हसण्यावारी नेलं. पण झोपताना आठवतं.

टोच्या | ८ मार्च

शीर्षक वाचून वाटलं दहावीच्या बोर्डाची निवडणूक लागली की काय! माझी बोर्डात यायची संधी १९९८ साली हुकली ती हुकलीच. केतकीताई, तुम्ही उभ्याच राहा. निवडून आलात की आईला फोन करून सांगता येईल, "आई, मी बोर्डात आले!"

गोदाकाठ | ८ मार्च

टोच्या :D

केतकी, मी टेक्ससमध्ये, अकरा वर्षं या भानगडीकडे लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे बोर्डाच्या सदस्यांना ट्रस्टी म्हणतात, बहुतेक ठिकाणी सात असतात आणि त्यांना पगार नसतो. तुमच्याकडेही सातच, चार वर्षांची मुदत आणि बिनपगारी.

पत्रकं रद्दीत टाका. आधी हे बघा की बोर्डाच्या हातात नक्की काय असतं. बोर्ड शाळा चालवत नाही. शाळा चालवतो सुपरिंटेंडंट. त्याला नेमायचं, त्याचं काम तपासायचं आणि नाही जमलं तर घरी पाठवायचं, हे बोर्डाचं सगळ्यात मोठं काम. मग बजेट, कराचा आकडा, शिक्षकांशी करार, शाळांच्या हद्दी, सुट्ट्यांचं कॅलेंडर. अभ्यासक्रमाची चौकट आणि परीक्षा राज्य ठरवतं. त्यामुळे जो उमेदवार "मी राज्याची परीक्षा बंद करीन" म्हणतो त्याच्यावर मी सरळ काट मारते. एकतर त्याला काम माहीत नाही, नाहीतर आपल्याला माहीत नाही असं तो धरून चालला आहे.

या चाळणीतून नऊचे सहा होतील. त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या साइटवर जाऊन गेल्या वर्षाच्या बैठकींची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, उघडा. जे आधीपासून बोर्डावर आहेत त्यांनी कशावर हो म्हटलं, कशावर नाही, ते तिथे नावानिशी असतं. नवीन असतील तर बघा, निवडणुकीच्या आधी ते कधी बैठकीला फिरकले होते का. लोकांना बोलायला जी दोन-तीन मिनिटं देतात त्यात त्यांचं नाव दिसतं का. मुलाखतीत सगळेच गोड बोलतात. मिनिट्समध्ये गोड बोलायला जागा नसते.

केतकी_पिवळी | ९ मार्च

बाप रे, मिनिट्स उघडली. एका बैठकीचं बाड दोनशे पानांच्या वर आहे. यातलं वाचायचं काय?

गोदाकाठ | ९ मार्च

सगळं नाही गं. "कन्सेंट अजेंडा" नावाचा एक भाग असतो. त्यात बिलं, नेमणुका, कंत्राटं असं पुष्कळ काही एका मतात मंजूर होतं. सहसा ते नित्याचंच असतं. पण एखादा सदस्य त्यातला एखादा विषय बाहेर काढून "यावर वेगळं बोलू" म्हणतो ना, तो वाचून येतो असं समजायचं. दोन वर्षांत एकदाही ज्याने काहीच बाहेर काढलं नाही, तो एकतर फार विश्वासू आहे किंवा बाड न उघडता येतो.

बंड्या_बिनघोर | ९ मार्च

आम्हाला मुलं नाहीत. माझं घर आहे, काम आहे, कुत्रं आहे. मी या निवडणुकीला कधी गेलो नाही आणि जाणारही नाही. ज्यांची मुलं त्यांनी बघावं.

निंबोणी | ९ मार्च

बंड्या, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल शेवटचं कधी नीट वाचलंत? इलिनॉयमध्ये त्यावर ओळीने सगळे लिहिलेले असतात: काउंटी, पार्क, लायब्ररी, अग्निशमन. त्यात सर्वात लठ्ठ ओळ बहुतेक ठिकाणी शाळांची असते. कुत्रं शाळेत जात नसलं तरी फी तुम्ही भरताय.

बंड्या_बिनघोर | ९ मार्च

आत्ता काढून पाहिलं. ... बरं. निवडणूक कधी आहे म्हणालात?

व्हिसाग्रस्त | १० मार्च

आमच्यासारख्यांचं काय? एच-वन, ग्रीन कार्डच्या रांगेत बारावं वर्ष. दोन मुलं याच शाळांत, घर घेतलंय, तीच लठ्ठ ओळ आम्हीही भरतो. मत मात्र शून्य. केतकीताई भाग्यवान.

निंबोणी | १० मार्च

तुमचं दुखणं खरं आहे. त्याआधी एक गोष्ट ठळक अक्षरात, कारण हा धागा नवीन लोकही वाचतील: नागरिक नसाल तर मतदार म्हणून नाव नोंदवू नका, चुकूनही नाही. लायसन्स काढताना काउंटरवर फॉर्ममध्ये ती चौकट असते, घाईत टिक होते. १९९६ पासून नागरिकत्वाचा खोटा दावा हे देशाबाहेर काढायला पुरेसं कारण आहे. "माझ्या लक्षात आलं नाही" ऐकून घेतीलच असं नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही हेच लागू.

मोजके अपवाद आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ साली लोकांनी कौल दिला की शहरात मूल राहत असेल तर नागरिक नसलेल्या पालकांनाही फक्त स्कूल बोर्डासाठी मत देता येईल, आणि २०१८ पासून ते सुरू झालं. शिकागोत शाळेशाळेच्या लोकल स्कूल कौन्सिल असतात, १९८८ च्या कायद्याने आलेल्या. त्यांच्या निवडणुकीत पालकाला नागरिकत्व विचारत नाहीत.

आणि बैठकीत उठून बोलायला कुठेच पासपोर्ट लागत नाही. ती तीन मिनिटं तुमचीही आहेत.

जर्सीकर | ११ मार्च

केतकीताईंचा दुसरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी उभा होतो. पडलो. त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क माझाच.

आमच्या न्यू जर्सीत उभं राहायला दहा सह्या पुरतात (तुमच्याकडे बहुधा पन्नास, आणि अर्ज आदल्या नोव्हेंबरातच भरायचे असतात, तेव्हा पुढच्या वेळचा विचार असेल तर मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही). दहा सह्या मी एका वाढदिवसाच्या पार्टीत केक कापायच्या आत गोळा केल्या. तिथेच डोक्यात हवा गेली.

माझा मुद्दा एकच होता: गणित. सहावीत पुढच्या वर्गाचं गणित घ्यायला परवानगी मिळावी, प्रवेशाची चाचणी न्याय्य असावी. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर मी हिरो होतो. बागेत लावायच्या पाट्या संपल्या, आणखी छापल्या. मग एका शनिवारी आपल्या ओळखीबाहेरच्या गल्लीत दारं वाजवायला गेलो. तिसऱ्या दारात एक आजी. नातवाला सांभाळतात. त्यांनी विचारलं, किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं कधी करणार? मी गणितावर आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला अजून दहापर्यंत नीट मोजता येत नाही, पण ते असू दे, साडेअकराला त्याला आणायला कोण जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी अठ्ठावीस दारं वाजवली. गणित एकाच दारात निघालं, आणि तेही आपलेच निघाले, नाशिकचे.

निकाल लागला तेव्हा दिसलं, आमच्या दोन वॉर्डांत मी भरघोस आणि बाकी गावात मला ओळखत कुणी नव्हतं. लोक वाईट नव्हते. एका गटाचा माणूस म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि मी तसाच वागलो होतो.

नंतर हट्टाने वर्षभर प्रत्येक बैठकीला गेलो. तेव्हा कुठे कळलं की बजेटचा बहुतेक पैसा पगार, आरोग्यविमा आणि स्पेशल एज्युकेशनमध्ये आधीच बांधलेला असतो. सातआठ माणसं तास तास भांडतात ते उरलेल्या चतकोरासाठी. आधी बैठका, मग सह्या. मी उलटं केलं.

खोडरबर | ११ मार्च

सहावीत आठवीचं गणित, आठवीत दहावीचं, दहावीत कॉलेजचं. आणि पंचविसाव्या वर्षी टिप किती द्यायची ते फोनवर बघतात. चालू द्या.

जर्सीकर | ११ मार्च

@खोडरबर, माझा मुलगाच तो. कुठे भेटलात?

शाईपेन | १२ मार्च

मी ओहायोत मिडल स्कूलला शिकवते, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने थोडं.

केतकी, काही उमेदवारांच्या पत्रकावर शिक्षक संघटनेची शिफारस असेल. तिला देववाणी समजू नका आणि शिवीही समजू नका. पगाराचा करार करताना आमच्यासमोर जे बसणार, त्यांना निवडून आणायला आम्हीच मदत करतो हे विचित्र आहे, मान्य. पण कोण शाळेत येऊन वर्गात मागे बसून गेलं आणि कोण फक्त फोटोला आलं, हे आम्हाला माहीत असतं. आमचं मत म्हणजे माहितगाराचं मत. स्वार्थ वजा करून वाचा.

गेली काही वर्षं बोर्डाच्या बैठकी म्हणजे तमाशा झाल्यात. लायब्ररीतल्या एका पुस्तकावर चाळीस जण तीन-तीन मिनिटं बोलतात, निम्म्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं. मग रात्री अकरा वाजता बदली शिक्षक मिळत नाहीत हा विषय येतो, तोवर खुर्च्या रिकाम्या. मी स्वतः एका वर्षी माझ्या मोकळ्या तासांपैकी निम्मे दुसऱ्यांचे वर्ग सांभाळले. ते कुठल्याच पत्रकावर नव्हतं.

आणि आमच्याकडे शाळांसाठी जादा कराचा प्रस्ताव, लेव्ही, थेट मतदानाला येतो. तो पडला की बस आणि खेळ आधी कापतात, कारण ते पालकांना दिसतं.

गोदाकाठ | १२ मार्च

लेव्हीवरून आठवलं. टेक्ससमध्ये शाळा बांधायला बाँड काढायचा तर मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरात "ही मालमत्ता करातली वाढ आहे" असं छापावंच लागतं, २०१९ च्या कायद्याने. कराचा दर न वाढता जुनं कर्ज फिटल्यावर नवीन घेणार असतील तरीही. आमच्या शेजारी काका ते वाक्य वाचून दर वेळी नाही म्हणतात आणि मग नातीच्या शाळेचं छप्पर गळतं म्हणून बोर्डाला शिव्या घालतात.

मेपल_मोदक | १३ मार्च

कॅनडातून डोकावते. आमच्या ओंटारिओत महापालिकेच्या निवडणुकीतच ट्रस्टी निवडतात, दर चार वर्षांनी, आणि बोर्डं चार प्रकारची: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक. आधी तुम्ही कुठल्या बोर्डाचे मतदार ते ठरतं, मग मत. पहिल्या वर्षी मी मतपत्रिका उलटसुलट करून बघत होते, मागे काही लिहिलंय का म्हणून. नोव्हा स्कोशियाने तर २०१८ मध्ये निवडून आलेली इंग्रजी बोर्डंच बंद केली. हवाईतही ना, सगळं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आणि बोर्ड आता नेमलेलं असतं.

टोच्या | १३ मार्च

हवाईत निवडणूक नाही, समुद्र आहे. लोकशाहीचा एवढा त्याग मी करू शकतो.

खडू_मास्तर | १४ मार्च

मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक. तुमची चर्चा वाचून मौज वाटली. आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका.

महापालिकांची शिक्षण मंडळं होती, १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालची. त्यात सदस्य नगरसेवक निवडत, पालक नव्हेत. त्यामुळे ज्यांना दुसरीकडे बसवता आलं नाही त्यांना तिथे बसवायची सोय झाली होती. २०१३ साली ती मोडीत काढायचं ठरलं, मुदती संपेपर्यंत काही रेंगाळली. आता शिक्षण हक्क कायद्याची शाळा व्यवस्थापन समिती असते. कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सचिव. कागदावर इतकी सुंदर गोष्ट की वाचून डोळे पाणावतात.

प्रत्यक्षात? पालक सभा बोलवायची, शंभरातले पंधरा यायचे, त्यात "तुम्हीच व्हा की पाटील" म्हणून दहा मिनिटांत अध्यक्ष. महिला सदस्यांच्या सह्यांसाठी शिपायाने रजिस्टर घरी न्यायचं. मीही नेऊन दिलंय, खोटं कशाला बोलू.

पण एका वर्षी एक भाजीवाली बाई समितीत आल्या. शिक्षण चौथी. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, गुरुजी, खिचडीच्या तांदळाची पोती मोजून घेता की नुसती सही करता? मी म्हटलं, मोजून घेतो. त्या म्हणाल्या, काटा दाखवा. शाळेत काटा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा घेऊन आल्या. एका पोत्यात किती कमी भरलं ते इथे लिहीत नाही, पण पुढची दोन वर्षं पोती पूर्ण आली. तेव्हा केतकीबाई, नऊ जणांत काटा घेऊन येणारा कोण, ते बघा.

शाईपेन | १४ मार्च

मास्तर, दंडवत.

देशी_दणका | १५ मार्च

इतकं कशाला खोलात जायचं? नऊ जणांत आपला कुणी असेल तर त्याला मत द्या, विषय संपला. बाकीचे समाज हेच करतात. दिवाळीची सुट्टी आपल्याला कुणी ताटात आणून देणार नाही.

निंबोणी | १५ मार्च

>>> दिवाळीची सुट्टी

न्यूयॉर्क शहरात राज्याचा कायदा झाला तेव्हा मिळाली, सही २०२३ च्या नोव्हेंबरात, आणि २०२४ ला शुक्रवारी शाळा बंद राहिल्या. इतर बऱ्याच ठिकाणी कॅलेंडर स्कूल बोर्ड ठरवतं हे खरं. पण आमच्या इथे सुट्टी मिळवून दिली ती एका आयरिश आडनावाच्या बाईंनी. त्यांनी हजेरीचे आकडे काढले आणि म्हणाल्या, त्या दिवशी एवढी मुलं आणि शिक्षक गैरहजर असतात तर वर्ग चालवून उपयोग काय. आपला माणूस त्याच बोर्डावर होता. तो म्हणाला, मला पक्षपाती दिसायचं नाही, आणि तटस्थ राहिला.

देशी_दणका | १५ मार्च

एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. आपला माणूस खुर्चीत असला की निदान नाव तरी नीट उच्चारतो.

कुंपणावर | १६ मार्च

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण दोघांनाही देतो. महासाथीत शाळा बंद आणि बोर्ड ४४ शाळांची नावं बदलायच्या मागे, शिवाय एका नामांकित हायस्कूलची गुणांवरची प्रवेशपद्धत बदलली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन सदस्यांना लोकांनी मतदान करून पदावरून हटवलं. त्यात चिनी पालकांचा मोठा जोर होता. म्हणजे समाज म्हणून एकत्र आले हे दणका यांचं बरोबर, आणि आडनाव न बघता काम बघून घरी पाठवलं हे निंबोणींचं बरोबर.

देशी_दणका | १६ मार्च

आयडी सार्थ आहे तुमचा.

गोदाकाठ | १६ मार्च

मूळ प्रश्नाकडे. केतकी, चार जागा म्हणजे "चारपर्यंत मतं" असतं, चार द्यायलाच हवीत असं नाही. दोनच जण पटले तर दोनच द्या. माहीत नसलेल्या नावाला मत देऊन तुम्ही तुमच्या पसंतीच्या उमेदवाराच्याच शर्यतीत एक घोडा जास्त सोडता. तिसऱ्या-चौथ्या जागेला फरक अगदी थोडक्या मतांचा असतो, कारण येतातच किती.

केतकी_पिवळी | ३ एप्रिल

वेळ लागला, माफ करा. सगळं वाचलं, मास्तरांचं तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

काय केलं ते सांगते. नऊ जणांना ईमेलवर एकच प्रश्न पाठवला: गेल्या वर्षी बस मार्ग कमी केले, त्यावर तुम्ही काय केलं असतं? (आमची धाकटी थंडीत दोन महिने पस्तीस मिनिटं थांबत होती, तोच माझा काटा.) चौघांचं उत्तरच नाही. दोघांनी पत्रक परत पाठवलं. एकाने लिहिलं, मला नीट माहीत नाही, ट्रान्सपोर्टच्या माणसाशी बोलून कळवतो, आणि खरंच चार दिवसांनी कळवलं, ड्रायव्हर किती कमी आहेत त्या आकड्यासकट. एक बाई आधीच्या बोर्डावर होत्या, त्यांनी लिहिलं की मी त्या निर्णयाला हो म्हटलं होतं, आणि का तेही. मला पटलं नाही, पण माणूस समोर उभा राहिला. तिसऱ्याने मिनिट्सचं पान क्रमांक देऊन दाखवलं की तो त्यावर बैठकीत बोलला होता.

तिघांना मत दिलं, चौथं रिकामं. केंद्रात माझ्याशिवाय पाच माणसं होती, त्यातली तीन टेबलामागे बसलेली.

दोघे निवडून आल्यासारखे आहेत. "चार दिवसांनी कळवणारा" चौथ्या जागेवर लटकलाय, अगदी थोड्या मतांनी मागे. आमच्याकडे निवडणुकीच्या दिवसापर्यंत शिक्का पडलेली टपालाची मतं पुढचे चौदा दिवस घेतात, त्यामुळे अजून कळायचंय. नवरा दिवसातून तीनदा काउंटीची साइट उघडतोय. हाच तो, मंगळवारी कोण जातंय म्हणणारा.

पुढच्या बैठकीला जाणार आहे. बसवर बोलायला नाव दिलंय. तीन मिनिटं म्हणजे किती होतात ते स्वयंपाकघरात घड्याळ लावून पाहिलं, माझी प्रस्तावनाच चारची होते.

जर्सीकर | ३ एप्रिल

प्रस्तावना काढा. थेट थंडीतल्या पस्तीस मिनिटांवर या. आणि पन्नास सह्यांसाठी वाढदिवसाच्या पार्टीत जाऊ नका.

व्हिसाग्रस्त | ४ एप्रिल

आमच्या बैठकीत मी परवा बोललो. आवाज थरथरत होता. एका सदस्याने लिहून घेतलं, बाकीचे फोन बघत होते. त्या एकाचं नाव टिपून ठेवलंय. मत देता येईल तोवर तो निवृत्त होईल म्हणा.

बंड्या_बिनघोर | ४ एप्रिल

मी जाऊन आलो. कुत्रं बाहेर बांधून ठेवलं होतं, एका उमेदवाराने त्याला पाणी पाजलं. पण तोवर मी दुसऱ्याला मत देऊन बसलो होतो.

टोच्या | ४ एप्रिल

केतकीताई, चौथ्या जागेचं काही कळलं की लिहा. इकडे आमच्या ऑफिसात तिघं जण वाट बघतायत आणि त्यातल्या एकालाही इलिनॉय नकाशात दाखवता येत नाही.